२१५ फुटांखालची जमीन

रात्री साडेअकराच्या सुमारास बोअरच्या गाडीचा आवाज बदलला. तोवर तीन तास कॉम्प्रेसरचा गडगडाट कानात इतका मुरला होता की तो ऐकू येणंच बंद झालं होतं. बदलला तेव्हा कुणीतरी खांद्याला धरून हलवल्यासारखं झालं. हॅमरचा टणटणीत ठोका एकदम बोदा झाला. भोकातून उडणाऱ्या राखाडी पुडीनं आमच्या अंगावर, बांधावरच्या घाणेरीवर, कडेला लावलेल्या मोटारसायकलींवर गिरणीतल्यासारखा थर धरला होता. ती पूड बघता बघता विटकरी झाली. गाडीच्या दिव्याच्या झोतात तो लाल धुरळा लग्नातल्या गुलालासारखा तरंगत राहिला. ऑपरेटर तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडकडचा, विशीतला पोरगा. त्यानं हात वर केला. ‘लाल आया. अभी रुकना,’ एवढंच बोलला आणि रॉड वर घ्यायला लागला. लाल थरात भोक ढासळतं, हॅमर अडकून बसतो, हे त्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नव्हतं. त्यानं मोजलेले रॉड धरले तर खोली होती २१५ फूट.

आप्पा, माझे धाकटे चुलते, इतका वेळ पोत्यावर उकिडवे बसून होते. ते उठले, भोकाजवळ गेले, चिमूटभर लाल पूड तळहातावर घेतली, तिच्यावर थुंकले आणि अंगठ्यानं मळली. मग वास घेतला. ‘ही जमीन हाय गं,’ म्हणाले. ‘दगुड न्हवं ह्यो. जमीन. एवढ्या खाली जमीन कशी काय?’ मी भूशास्त्रात एम.एस्सी. केलंय, हे सगळ्या भावकीला माहीत आहे. त्या रात्री मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं तेही त्यासाठीच. नारळ घेऊन फिरणारा पाणाड्या आधी येऊन गेला होता, पण शिकलेलं माणूस हजर असलेलं बरं. मी पाठ केल्यासारखं सांगितलं, ‘जुनी माती आहे आप्पा. वरनं लाव्हा वाहिला, त्यात भाजली.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शेतकरी जमिनीबद्दल सगळ्यात आधी जे विचारतो ते विचारलं.

‘कुणाची?’

आजूबाजूचे हसले. मीही हसले. पण परतीच्या एस.टी.त, खिडकीच्या काचेवर डोकं आपटत असताना, तो एक शब्द काही केल्या जाईना. आमच्या गावात म्हाताऱ्या माणसांची ओळख विचारायची पद्धत हीच आहे. चावडीपाशी कुणी नवीन पोर दिसली की नाव विचारत नाहीत. ‘कुणाची गं तू?’ असं विचारतात. बापाचं नाव सांगितलं की आजोबा काढतात, आजोळ काढतात, आणि मग ‘तरीच नाक आज्जीवर गेलंय’ असा निकाल लागतो. आणि मला तेव्हा जाणवलं की मी दोन वर्षं प्रयोगशाळेत जे काही करत होते, ते दुसरं काही नव्हतंच. दगडाला धरून विचारायचं, कुणाचा रे तू?

शिकत असताना आमची सहल आंबेनळी घाटात गेली होती. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा तो रस्ता. बसनं जाणाऱ्याला तिथं दरी दिसते, धुकं दिसतं, माकडं दिसतात. आम्हाला खाली उतरवून कड्याला नाक लावायला लावलं होतं. खालून वर हजारभर मीटरहून जास्त उंचीचा कातळ, एकावर एक रचलेले लाव्ह्याचे थर, आणि शपथेवर सांगते, सगळे सारखे दिसतात. तोच काळा-करडा, बारीक कणांचा बेसॉल्ट. हातोडा मारला की तोच ठिणगीचा करपट वास. वरची कुजलेली तांबूस साल उडवून आतला ताजा तुकडा पिशवीत भरायचा, पिशवीवर मार्करनं आकडा घालायचा, आणि पुढच्या वळणावर तेच. संध्याकाळपर्यंत माझ्या पाठीवर पंधरा किलो सारखेपणा जमा झाला होता. आमच्या गटातला एकजण म्हणालाही, ह्यातले दोन नमुने अदलाबदल झाले तर कुणाला कळणार आहे?

कळतं. १९८५ साली किथ कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ या दोन भूशास्त्रज्ञांनी महाबळेश्वरच्या ह्याच चढणीचा रासायनिक हिशेब मांडला. डोळ्याला एकसारख्या दिसणाऱ्या कातळाचे रसायनावरून तीन घराण्यांत भाग पडतात, खालून वर: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. ती नावं पुढं सह्याद्रीभर चालली. शंभर किलोमीटर लांबचा कडा असला तरी त्यातला एखादा थर ‘आंबेनळी’चा आहे असं नमुना तपासून सांगता येतं. आणि ह्या तिघांना, त्यांच्या वरच्या एक-दोघांसकट, ज्या मोठ्या गटात घातलंय त्याला नाव दिलंय ‘वाई’. आमच्या तालुक्याचं. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले, पण त्यांनी लगेच विचारलं की मग पाणी का न्हाई लागत.

ओळख पटवण्यासाठी बऱ्याच खुणा आहेत, टायटॅनियम आहे, बेरियम आहे, पण माझा जीव जडला होता स्ट्रॉन्शियमवर. ह्याचे दोन भाऊ धरा, म्हणजे वेगळ्या वजनांचे दोन अणू, ८६ आणि ८७. शहाऐंशी आहे तेवढाच राहतो. सत्त्याऐंशी मात्र वाढत जातो, कारण रुबिडियम नावाचं मूलद्रव्य फार सावकाश मोडत मोडत त्यात रूपांतरित होत असतं. किती सावकाश? अर्धं रुबिडियम संपायला सुमारे ४,९०० कोटी वर्षं. म्हणजे पृथ्वीच्या आजच्या वयाच्या दहापटीहून जास्त. आता ग्रॅनाइटमध्ये रुबिडियम भरपूर, आणि आपल्या बेसॉल्टच्या खाली पसरलेला ग्रॅनाइट-नाईसचा पाया अडीचशे कोटी वर्षांच्या मापातला जुना. त्याच्यात सत्त्याऐंशी साठत साठत गेलेला. उलट पृथ्वीच्या कवचाखालच्या खोल प्रावरणात रुबिडियम नाममात्र, त्यामुळं तिथून निघालेल्या शिलारसात, म्हणजे वितळलेल्या दगडात, ८७ आणि ८६ चं गुणोत्तर खालचंच. आंबेनळीचा दगड तपासला की आकडा येतो ०.७०४ च्या आसपास. म्हणजे हा सरळ खालून आला, वाटेत कुणाच्या घरचं फारसं काही खाल्लं नाही. पोलादपूरचा आकडा चढा. त्याच्याही खालच्या बुशे नावाच्या घराण्यात तो ०.७१३ च्या वर जातो. तिसऱ्या दशांशातला फरक, पण त्यात सगळी चहाडी आहे. बुशेचा शिलारस वर येता येता ग्रॅनाइटच्या भिंतींत रेंगाळला आणि त्यानं त्या वितळवून पोटात घातल्या.

गंमत अशी की निवत आलेल्या, थकलेल्या शिलारसानं जास्त भिंत खाल्ली असेल असं आपल्याला वाटावं, तर उलटं निघालं. जो जास्त गरम, मॅग्नेशियमनं भरलेला वर आला, त्यानंच जास्त खाल्लं. बेसॉल्टी शिलारस साडेअकराशे-बाराशे अंशांच्या घरातला, ग्रॅनाइट त्याच्या कितीतरी आधी वितळायला लागतो. तरुणपणी घरातनं तावातावानं बाहेर पडलेली माणसं नव्या गावचं पाणी किती पटकन अंगी लावतात, ते मला ह्यावरून आठवतं. पण ही माझी सवय वाईट आहे. दगडाचं दगडापुरतं ठेवलं पाहिजे.

मुळात एवढा शिलारस झालाच कसा, हा प्रश्न लोक वेगळ्या तऱ्हेनं विचारतात. खाली लाव्ह्याचा समुद्र आहे आणि कुठं भोक पडलं की तो वर येतो, असं चित्र बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. माझ्याही होतं. प्रावरण घन आहे. दगडच आहे, तापलेला, वर्षाला काही सेंटीमीटर सरकणारा. तो वितळतो तो बहुधा आणखी तापून नव्हे, वरचा दाब कमी झाल्यानं. कुकरमधलं पाणी शंभर अंशांच्या पुढं जाऊनही गप्प असतं आणि वाफ सोडली की खळखळतं, तसंच काहीसं. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्याखालच्या दगडावरचा दाब कुणी कमी केला.

इथं दोन तट आहेत, आणि आमच्या वर्गात त्यावरून चहा गार होईस्तोवर भांडणं झालेली आहेत. पहिला म्हणतो, खोलातून तप्त दगडाचा एक स्तंभ वर चढत होता. भारत तेव्हा वर्षाला १५ सेंटीमीटरहून जास्त वेगानं उत्तरेकडे निघालेला, तो ह्या स्तंभावर आला आणि पुढं निघून गेला. स्तंभ जागेवरच राहिला आणि सरकत्या समुद्रतळावर ठिपके उमटवत गेला. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस, आणि शेवटी रियुनियन बेट, जिथला पिटाँ द ला फुर्नेज हा ज्वालामुखी अजूनही धगधगतो. १९८७ साली समुद्रतळाला भोकं पाडून नमुने काढले तेव्हा दक्षिणेकडे जावं तसतशी वयं उतरत गेली. दुसरा तट म्हणतो, एवढा लांबचा बाप शोधायची गरज नाही. भारताचा पश्चिम काठ त्या काळात फाटतच होता, सेशेल्सचा तुकडा सुटत होता. ताणलं की पातळ होतं, पातळ झालं की दाब उतरतो. आयआयटी मुंबईतल्या हेतू शेठ यांनी २००५ मध्ये ही बाजू फार रोखठोक मांडली होती. मी बेटांच्या रांगेच्या बाजूची आहे, अजूनही. उतरत्या वयांची ती ओळ मला नाकारता येत नाही. पण मान्य करते की माझ्या मताला थोडी भाबडेपणाची झालर आहे. हिंदी महासागरातल्या एखाद्या बेटाशी आपल्या कातळाचं सोयरं असावं, हे मला आवडतं.

सोयरं कुठवर पसरतं त्याचं आणखी एक उदाहरण आहे, जे मी कुणालाही सांगायची संधी सोडत नाही. आंध्रात गोदावरी समुद्राला मिळते त्याच्या अलीकडे राजमहेंद्रीजवळ बेसॉल्ट आहे. मुख्य पसाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, एकटाच. त्याची कुंडली काढली तर तो निघाला आंबेनळी आणि महाबळेश्वर घराण्यांचा. म्हणजे लाव्हा जुन्या नदीपात्रांतून सुमारे हजार किलोमीटर वाहत गेला होता. इतकं अंतर जाईपर्यंत तो थिजला कसा नाही? तर वर कवच धरलं की आतला लाव्हा झाकला जातो, दुधावरच्या सायीखाली दूध बराच वेळ कढत राहतं तसा, आणि पुढचं तोंड फुगत, फुटत, पुन्हा फुगत सरकतं. वाईच्या कृष्णाबाईच्या उत्सवाला जशी लांबलांबची माहेरवाशीण येते, तसा मला तो राजमहेंद्रीचा दगड वाटतो. तेलुगू मुलखात नांदणारा, पण विचारलं की महाबळेश्वरचं नाव सांगणारा.

हे सगळं लाव्ह्याचं झालं. आप्पांनी विचारलं होतं ते मातीचं.

दोन लाव्ह्यांच्या मधला हा तांबडा थर सह्याद्रीच्या कुठल्याही घाटात दिसतो. रस्ता रुंद करायला कडा कापला की काळ्या भिंतीत कुंकवाची रेघ ओढल्यासारखा उघडा पडतो. आम्ही विद्यार्थी त्याच्याकडे दुर्लक्ष करायचो, कारण त्याचं रसायन बिघडलेलं. हवापाण्यानं त्यातलं सोडियम, कॅल्शियम धुऊन नेलेलं, लोखंड गंजून लाल झालेलं. आई-बाप कोण ते धड सांगता येत नाही. काही ठिकाणी ती खरोखरच लाव्ह्यावर तयार झालेली माती आहे, काही ठिकाणी ज्वालामुखीची राख पडून कुजलेली आहे. मी आप्पांना ‘भाजलेली’ म्हटलं ते अर्धवट होतं. वरच्या लाव्ह्यानं शेकली असेल, पण लाली बहुतेक आधीचीच. तिच्यावर पाऊस पडून गेलेला होता.

आणि ज्याला आम्ही बिघडलेलं म्हणून टाकून द्यायचो त्यातच घड्याळ सापडलं. बेसॉल्टचं नेमकं वय काढणं कठीण, कारण त्यात झिरकॉनचे स्फटिक जवळजवळ नसतात, आणि वय सांगणारं युरेनियम असतं ते त्या स्फटिकांत. पण कुठूनतरी उडून आलेल्या राखेबरोबर ते ह्या लाल थरांत येऊन पडले होते. भूशास्त्रज्ञ ब्लेअर शोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाटाघाटांतून ही लाल माती गोळा केली, धुतली, त्यातले झिरकॉनचे कण निवडले आणि त्यातलं किती युरेनियम मोडून शिसं झालं ह्याचा हिशेब केला. मुख्य उद्रेक १० लाख वर्षांच्या आत उरकले. तेही सलग नाही, थांबून थांबून. मोठे लोंढे डायनोसॉर संपण्याच्या आधी आले की नंतर, यावर २०१९ च्या फेब्रुवारीत एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी दोन वेगळी उत्तरं छापली. ते भांडण त्यांचं त्यांना लखलाभ. मी मात्र त्या ‘थांबून थांबून’वर अडकले. आपण दख्खनच्या कातळाबद्दल बोलतो ते सगळं आगीचं बोलतो. पण एकूण काळाचा ताळा मांडला तर जास्त काळ काहीच घडत नव्हतं. लाव्हा निवलेला, त्यावर पाणी साचलेलं, शेवाळ, गवतासारखं काहीतरी. मुंबईत वरळीच्या बाजूला अशाच एका मधल्या गाळाच्या थरात बेडकांचे इवले सांगाडे सापडले. इंग्रज जीवशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. दोन लाव्ह्यांच्या मधल्या सुटीत तिथं डबकं होतं आणि डबक्यात डराव-डराव चालू होतं.

कुणाची, तर बेडकांची. हे उत्तर मला एस.टी.त सुचलं. त्या रात्री सुचायला हवं होतं.

त्या रात्री पुढं काय झालं ते सांगायचं टाळतेय. ऑपरेटरनं भोक धुऊन घेतलं, लाल थर पंधरा फुटांत संपला, पुन्हा काळा लागला. आता ठोका असा टणक की मी मनातल्या मनात ओळखलं, हा लाव्ह्याच्या पोटातला घट्ट भाग. ना बुडबुड्यांची भोकं, ना फटी. बेसॉल्टमध्ये पाणी दगडात नसतं, दगडाच्या चिरांत असतं, आणि चीर जिथं नाही तिथं एम.एस्सी.ला ती पाडता येत नाही. २६० फूट. ३०० फूट. दर रॉडमागं आप्पा मान वर करून माझ्याकडे बघायचे आणि मी उगाच पूड हातात घेऊन चुरगाळायचे, जणू तिच्यात काही लिहिलंय. चुलतभाऊ फुटाच्या दरानं गुणाकार करत मोबाइल खाली-वर करत होता. कोयनेच्या खोऱ्यात भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल भोक घेतलंय, २०१७ मध्ये पुरं झालं. त्यात साधारण सव्वा किलोमीटर बेसॉल्ट लागला आणि मग तो जुना ग्रॅनाइट-नाईस. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या भोकात ३३८ मीटरवरच लाव्हा संपला होता, खाली ८ मीटर गाळ आणि मग पाया. हे सगळं मला तोंडपाठ होतं. आमच्या साडेसहा इंची भोकात पुढच्या दहा फुटांवर काय आहे, ते माहीत नव्हतं. ३४० वर आप्पाच म्हणाले, ‘बास.’ कॉम्प्रेसर बंद झाला तेव्हा रातकिड्यांचा आवाज इतक्या जोरात आला की दोघं-तिघं दचकले.

गाडी निघून गेल्यावर भोकाच्या तोंडावर पत्र्याचं झाकण ठेवून त्यावर दगड ठेवला. काळाच. भोवती राखाडी पुडीचा ढीग आणि त्याला एका बाजूनं लाल पट्टा, जसा खाली होता तसाच, फक्त उलटा. आप्पांनी टॉवेल पसरला, त्यात चार ओंजळी लाल माती घेतली आणि गाठ मारली. मला वाटलं, देव्हाऱ्यात ठेवतील. विचारलं नाही. घराकडे चालताना ते पुढं आणि मी मागं, आणि एवढं शिकून काय उपेग असं त्यांनी म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘झोप न्हाई झाली तुजी.’

मी आता दगडांचं काम करत नाही. नोकरी लागली ती दुसऱ्याच खात्यात, आणि अकिकाचा तो छोटा खल, ज्यात मी बेसॉल्टची पूड बोटं दुखेपर्यंत घोटायची, तो आता टेबलावर यू-पिना ठेवायला आहे. अकीक तयार होतो तोही बेसॉल्टच्याच पोकळ्यांत. हे तेव्हा कधी जाणवलं नव्हतं की आपण नातवाच्या हातानं आजोबाला कुटतोय. नमुन्यांच्या पिशव्या विभागाच्या तळघरात होत्या. दोन वर्षांपूर्वी चौकशी केली तर कळलं, जागा मोकळी करायची होती, म्हणून खडी म्हणून टाकून दिल्या. कुठल्यातरी पायवाटेवर पोलादपूर आणि आंबेनळी एकमेकांत मिसळून पडले असतील. वर्गातला तो मुलगा म्हणाला होता, कुणाला कळणार आहे.

काल संध्याकाळी आप्पांचा फोन आला. एरवी ते पाऊस, मग तब्येत, मग भाव, अशा क्रमानं बोलतात. काल थेट मुद्द्यावर आले.

‘त्या खालच्या मातीत मेथी टाकलीती. करवंटीत.’

‘आणि?’

‘आली की. समदी न्हाई आली, पाच-सा आल्यात. पिवळी हायत, पर उभी हायत.’

मी थोडा वेळ काहीच बोलले नाही. मग विचारलं, पाणी कुठलं घालताय.

‘टँकरचं,’ म्हणाले. ‘दुसरं कुठलं?’